सुपारी, सुरी आणि घरातला कुत्रा

घरात राहणाऱ्या कुत्र्यामांजरांना ठरावीक मुदतीने जंताची गोळी देणे, पिसवा आणि गोचिडी होऊ नयेत म्हणून त्यांच्या मानेवर औषधाचे थेंब सोडणे, आणि हे सारे प्राणी धडधाकट असतानाही करणे, ही पद्धत आज शहरी मध्यमवर्गात इतकी रुळली आहे की तिला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. ज्यांना येते ते तिचा उगम प्राण्यांविषयी वाढत गेलेल्या मायेत शोधतात. प्रत्यक्षात पाळीव प्राण्यांच्या पोटातील जंतांविरुद्धची पहिली देशव्यापी मोहीम कुत्र्यांच्या आरोग्यासाठी नव्हे, तर माणसांच्या यकृतात वाढणाऱ्या गाठींच्या धास्तीने सुरू झाली आणि ती एकोणिसाव्या शतकात आइसलंड या बेटावर घडली.

त्या मोहिमेकडे वळण्यापूर्वी एका जुन्या वर्गीकरणाची आठवण उपयोगी पडेल. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांच्यावरील उपायांचे तीन टप्पे केले आहेत : अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून शरीराबाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितीत कृमी पोसला जातो ती स्थितीच मोडणे, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने तो होतो ते कारण टाळणे. हे विवेचन माणसांपुरते आहे, त्यात कुत्र्यामांजरांचा विचार नाही. तरीही गेल्या दीडशे वर्षांतील जंतनिवारणाचे प्रयत्न या तीन शब्दांच्या आधारे तपासले असता असे दिसते की औषधे, म्हणजे अपकर्षणाची साधने, सतत बदलत आणि सुधारत गेली, परंतु निर्णायक यश बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यानेच दिले.

आइसलंडमधील शेतकऱ्यांची घरे त्या काळी दगड, माती आणि गवताच्या ढेकळांची असत आणि घरातील सर्व माणसे ‘बाद्स्तोव्हा’ नावाच्या एकाच लांबट खोलीत झोपत, जेवत आणि लोकर विंचरत. लाकूड दुर्मीळ, जळण त्याहून दुर्मीळ, त्यामुळे ऊब माणसांच्या आणि जनावरांच्या अंगचीच. मेंढ्या राखणारे कुत्रेही याच खोलीत वावरत. जेवण ‘आस्कुर’ या झाकणाच्या लाकडी भांड्यातून होई, ते मांडीवर घेऊन जेवत, आणि जेवण आटोपले की भांडे जमिनीवर ठेवून कुत्र्याकडून चाटून घेण्याची चाल अनेक घरांत होती. पाणी तापवण्यासाठी जळण वेचावे लागत असे अशा प्रदेशात या चालीला केवळ गलिच्छपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ‘घरात राहणारा कुत्रा’ या शब्दप्रयोगाचा पुरता अर्थ समजून घ्यायचा, तर आजच्या सदनिकेपेक्षा ही खोलीच डोळ्यांसमोर आणली पाहिजे.

शरद ऋतूत मेंढ्या मारल्या जात तेव्हा त्यांच्या यकृतात आणि फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या पांढुरक्या पिशव्या सापडत. माणसाच्या खाण्यात न येणारा हा भाग साहजिकच कुत्र्यांपुढे टाकला जाई. अशाच पिशव्या माणसांच्या पोटातही वाढत. कोणाच्या यकृतात लिंबाएवढ्या, कोणाच्या पोटात घागरीएवढ्या. डेन्मार्कच्या सरकारने या बेटावरील रोगराईची पाहणी करण्यासाठी पाठवलेले डॉक्टर पेटर अँटन श्लायझनर यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विकार हायडॅटिडचा, म्हणजे पट्टकृमीच्या बाल्यावस्थेतील गाठींचा, असल्याचे सांगितले आणि दर सात माणसांमागे एकाला तो असल्याचा अंदाज वर्तवला. नंतरच्या अभ्यासकांना हा अंदाज फुगवलेला वाटला. पुढे झालेल्या शवविच्छेदनांचे आकडे पाहता श्लायझनर फारसे चुकले नव्हते असेच म्हणावे लागते.

मेंढीतील पिशवी, माणसातील पिशवी आणि कुत्रा यांचा संबंध मात्र तेव्हा उघड नव्हता. तो १८५०च्या दशकात जर्मनीतील प्राणिशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून जुळला. कार्ल फॉन सीबोल्ड यांनी जनावरांच्या गाठींतील कण कुत्र्यांना खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर लांबीचे, तीन-चार खंडांचे असंख्य पट्टकृमी आढळले. एकायनोकॉकस या नावाने ओळखला जाणारा हा जंत कुत्र्याला जवळजवळ काहीच त्रास देत नाही. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावरून मेंढीच्या पोटात जातात आणि तिथे त्यांची पिशवी होते. ती पिशवी कुत्र्याने खाल्ली की चक्र पूर्ण होते. माणूस या चक्रात चुकून सापडतो, कुत्र्याच्या केसांवरून, जिभेवरून, चाटलेल्या भांड्यावरून. रोगाचे मूळ ज्याच्या पोटात, तो प्राणी निरोगी आणि आनंदी दिसतो. या एका गोष्टीने पुढील सर्व मोहिमांची अडचण वाढवली, कारण मालकाला आपल्या कुत्र्यात खोट दिसतच नाही.

कोपनहेगनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाशी संबंधित असलेले हाराल्ड क्राबे १८६३ मध्ये आइसलंडला गेले. त्यांनी शंभर कुत्र्यांची आतडी तपासली आणि २८ कुत्र्यांत हा जंत सापडल्याची नोंद केली. आइसलंडमधील वैद्य योन फिन्सेन यांच्या साहाय्याने त्यांनी माणसाच्या गाठीतील कण कुत्र्यांना देऊन जंत वाढतात हेही दाखवले. बर्लिनमध्ये बेर्नहार्ड नाउनीन यांनी त्याच वर्षी हेच सिद्ध केले. मात्र क्राबे यांचे खरे महत्त्व प्रयोगशाळेबाहेरच्या कामात आहे. १८६४ मध्ये त्यांची एक छोटी पुस्तिका आइसलंडी भाषेत छापून घरोघर फुकट वाटली गेली. रोग कसा होतो हे सोप्या शब्दांत सांगून तिने मेंढीच्या पिशव्या जाळा किंवा खोल पुरा, त्या कुत्र्यांच्या तोंडी पडू देऊ नका, कुत्र्यांना खाण्याच्या भांड्यांपासून दूर ठेवा, गरजेपेक्षा जास्त कुत्रे पाळू नका आणि त्यांना जंताचे औषध द्या, असा उपदेश केला.

उपदेशाच्या पुस्तिका जगभर छापल्या जातात आणि बहुधा पुड्या बांधण्याच्या कामी येतात. ही पुस्तिका वाचली गेली, कारण गरीब असला तरी हा समाज जवळजवळ पूर्ण साक्षर होता, आणि हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी एकाने मोठ्याने वाचायचे व बाकीच्यांनी लोकरीचे काम करत ऐकायचे, अशी तिथली जुनी रीत होती. त्याच खोलीत कुत्रा, त्याच खोलीत चाटलेले भांडे आणि त्याच खोलीत त्या भांड्याविरुद्धचे वाचन, असा योग रोगनिवारणाच्या इतिहासात विरळाच आला असेल. त्यानंतर १८६९ मध्ये कुत्रे पाळण्यावर निर्बंध व कर आले आणि १८९०च्या कायद्याने दरवर्षी कुत्र्यांना जंताचे औषध देणे बंधनकारक झाले. मेंढ्या मारण्याचा हंगाम संपला की नेमून दिलेला माणूस गावोगावचे कुत्रे गोळा करी, त्यांना उपाशी ठेवून दगडी झोपडीत कोंडी, औषध पाजी आणि बाहेर पडलेल्या मळाची विल्हेवाट लागल्यावर त्यांना धुऊन सोडी.

परिणाम विलक्षण होता. शवविच्छेदनांच्या नोंदींवरून प्राध्यापक नील्स डुंगाल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखवले की १८६० ते १८७० या दशकात जन्मलेल्या व्यक्तींपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या शरीरात या गाठी होत्या, तर १९००नंतर जन्मलेल्यांत त्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. एवढी मोठी घट केवळ वर्षातून एकदा दिलेल्या औषधाने झाली असे मानणे कठीण आहे, कारण औषध दिलेला कुत्रा दुसऱ्याच दिवशी नवी पिशवी खाऊन पुन्हा जंताने भरू शकतो, आणि त्या काळची औषधे सर्व जंत बाहेर काढतीलच याचीही शाश्वती नव्हती. याच सुमारास मेंढपाळीचे अर्थकारणही बदलत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मेंढ्या जिवंतपणी ब्रिटनला निर्यात होऊ लागल्या, पुढे दुधासाठी मेंढ्या राखण्याची पद्धत मागे पडून कोकरे कोवळ्या वयात मारली जाऊ लागली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कत्तलखाने उभे राहिले. मेंढीतील पिशवीला पक्व व्हायला वर्षे लागतात. कोवळ्या कोकराच्या यकृतात कुत्र्याला बाधेल असे फारसे काही नसते. घराच्या अंगणातली सुरी कत्तलखान्यात गेली, तेव्हा जंताचा मार्ग बंद झाला. चरकाच्या भाषेत हे निदानपरिवर्जन होते, आणि त्यातले अर्धे तर कोणी ठरवून केलेलेही नव्हते.

या मोहिमेची एक शेपूट फार लांबली. राजधानी रेक्याविकमध्ये १९२४ पासून कुत्रे पाळण्यावरच बंदी होती आणि ती १९८४ मध्ये शिथिल झाली, तीही नोंदणी, शुल्क आणि दरवर्षीचे जंतनाशक औषध या अटींवर. रोग ओसरल्यावरही बंदी साठ वर्षे टिकली, आणि दरम्यान ते शहर मांजरांचे झाले.

एकोणिसाव्या शतकात यूरोपातील पशुवैद्यांच्या हाती कुत्र्यांच्या पट्टकृमीवर जी मोजकी औषधे होती, त्यांपैकी दोन महाराष्ट्राच्या ओळखीची आहेत. एक म्हणजे कपिला, सह्याद्रीत शेंदरी किंवा कुंकूफळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या फळांवरची लाल पूड. ती रेशीम रंगवण्यासाठी वापरली जाई, आयुर्वेदात कंपिल्लक या नावाने कृमिघ्न म्हणून प्रसिद्ध होती आणि हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी डॉक्टरांमार्फत ती पाश्चात्त्य औषधीकोशांत पोचली. दुसरे म्हणजे सुपारी. श्रीवर्धनच्या बागांतून निघणारी रोठा सुपारी विड्यासाठी नावाजली जात होती, त्याच काळात इंग्लंडमधील शिकारी कुत्र्यांचे रखवालदार सुपारी किसणीवर ताजी किसून, कुत्र्याच्या वजनाच्या दर पौंडास दोन ग्रेन, म्हणजे साधारण एकशे तीस मिलिग्रॅम, या मापाने उपाशीपोटी देत आणि काही वेळाने एरंडेल पाजत. जुनी पूड निकामी ठरते म्हणून कीस ताजाच हवा, असा आग्रह त्या काळच्या श्वानविषयक पुस्तकांत आढळतो. अडकित्ता ठाऊक नसलेल्या देशात सुपारीची अशी प्रतिष्ठा झाली होती.

सुपारीतील गुणकारी द्रव्य एर्न्स्ट यान्स या जर्मन रसायनज्ञाने १८८८च्या सुमारास वेगळे केले. त्याला अरेकोलीन म्हणतात. ते जंताला मारत नाही, लुळे पाडते, आणि त्याच वेळी कुत्र्याच्या आतड्याला इतक्या जोराने चाळवते की अर्ध्या तासाच्या आत लाळ, कधी ओकारी आणि मग जुलाब होऊन जंत जिवंतच बाहेर पडतो. अपकर्षण या शब्दाचा याहून शब्दशः नमुना मिळणार नाही. बाहेर पडलेल्या द्रवात जिवंत अंडी असल्याने औषध देणाऱ्यालाच रोगाचा धोका असे. मांजरांना तर हे औषध देऊच नये असा इशारा होता, कारण त्यांच्या श्वासनलिकेत स्राव साचून जीव जाण्याची भीती असे. कुत्र्याचे औषध मांजराला देऊ नये हा धडा पुढे अनेक औषधांबाबत पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

अरेकोलीनचा सर्वांत मोठा प्रयोग न्यूझीलंडमध्ये झाला. तिथेही मेंढ्या अफाट, कुत्रे अनेक आणि हायडॅटिडच्या शस्त्रक्रिया रोजच्याच होत्या. ओटागोचे शल्यचिकित्सक सर लुई बार्नेट यांनी आयुष्याचा उत्तरार्ध या रोगाविरुद्धच्या प्रचाराला वाहिला. १९३८ पासून कुत्र्याच्या वार्षिक नोंदणीबरोबर मालकाला अरेकोलीनच्या गोळ्या देण्यात येऊ लागल्या. आइसलंडच्या मानाने औषध अधिक शुद्ध आणि शासन अधिक समर्थ होते, तरीही दोन दशकांत अपेक्षित यश आले नाही, कारण मालकाच्या हाती पडलेली गोळी कुत्र्याच्या पोटात जातेच असे नाही, आणि गेली तरी कच्चे काळीज खाऊ घालण्याची सवय तशीच राहते. १९५९च्या कायद्याने राष्ट्रीय हायडॅटिड परिषद स्थापन झाली तेव्हा धोरण उलटे झाले. आता गोळी घरी न देता कुत्र्यालाच ठरलेल्या जागी आणायचे होते. कुंपण घातलेल्या पट्ट्यावर कुत्रे रांगेने बांधले जात, त्यांना अरेकोलीन दिले जाई, आणि प्रत्येकाचे जुलाब डब्यात भरून तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले जात. औषधाचे काम इथे उपचारापेक्षा पुरावा मिळवण्याचे होते. जंत सापडला की या मालकाने कुत्र्याला कच्चे मांस खाऊ घातले हे उघड होई, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उघड झालेली ही गोष्ट दंडापेक्षा परिणामकारक ठरत असे. १९७०च्या दशकात या तपासणीची जागा दर सहा आठवड्यांनी औषध देण्याने घेतली, कारण कुत्र्याच्या पोटात गेलेल्या जंताला अंडी घालू लागण्यास साधारण तेवढाच काळ लागतो; त्याच दशकात बायर आणि मेर्क या जर्मन कंपन्यांच्या संशोधनातून आलेल्या प्राझिक्वांटेलने पट्टकृमीला खरोखर मारून टाकण्याची सोय केली. २००२ मध्ये न्यूझीलंडने आपण या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर केले.

मांजराचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. मांजर चोवीस तास घरातच ठेवणे यूरोप-अमेरिकेतही फार जुने नाही. १९४७ मध्ये मिशिगनमधील एड लो यांनी शोषक चिकणमातीचे दाणे मांजराच्या मलमूत्राच्या पेटीसाठी विकायला सुरुवात केली आणि त्यानंतर पेटीतील राखेची घाण नसलेले घरगुती मांजर शक्य झाले. त्याच पेटीने दोन दशकांनी एक वेगळी काळजी निर्माण केली. १९०८ मध्ये ट्युनिसमधील एका कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडलेला टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी गर्भातील मुलाला अपाय करतो हे १९३०च्या दशकाअखेर स्पष्ट झाले होते. त्याचे बीजाणू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात हे १९६९-७०च्या सुमारास सिद्ध झाले. मांजराला यावर नियमित गोळी देऊन उपयोग नाही, कारण बहुतेक मांजरे आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर दोन-तीन आठवडे, हे बीजाणू टाकतात. बीजाणूंना संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून पेटी रोज साफ करणे आणि मांजराला कच्चे मांस न देणे एवढाच उपाय उरतो. औषधविक्रीला वाव नसलेला हा परजीवी जाहिरातींत क्वचितच दिसतो.

आजच्या मासिक गोळीची सवय मात्र डासांमुळे लागली. कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत वाढणारा लांब दोऱ्यासारखा जंत डासांमार्फत पसरतो, आणि डासाला दार लागत नाही, म्हणून घराबाहेर न पडणारा कुत्राही त्यापासून सुरक्षित नसतो. आधी यावर डायइथिलकार्बामॅझीन रोज द्यावे लागे. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी कावाना येथील गोल्फ मैदानालगतच्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून विल्यम कॅम्पबेल आणि अमेरिकेतील मर्क कंपनीतील सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन तयार केले, ज्यासाठी या दोघांना २०१५च्या नोबेल पुरस्काराचा निम्मा वाटा मिळाला. १९८७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयजंतासाठी या औषधाच्या मासिक गोळीला परवानगी मिळाली. तिला प्रतिबंधक म्हणतात, पण ती पुढच्या महिन्याचे डास अडवत नाही, मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते. म्हणजे प्रतिबंध या नावाखाली इथेही अपकर्षणच चालते, फक्त ते आधीच, नेमाने आणि न दिसता होते. महिना हे परिमाण एकदा ठरल्यावर गोल जंत, अंकुशकृमी, पट्टकृमी यांची औषधे त्याच गोळीत सामावली गेली, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मानेवरचे थेंब आले तेव्हा पिसवाही त्याच दिनदर्शिकेत बसल्या. या थेंबांच्या बाबतीतही मांजराचा जुना इशारा खरा ठरला : कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजरांच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि त्यांना झटके येतात.

मुंबईपुण्याच्या सदनिकांत ज्या बाह्य परजीवीची खरी डोकेदुखी असते, ती तपकिरी कुत्रागोचीड या दिनदर्शिकेला चांगलाच छेद देते. बहुतेक गोचिडी रानात किंवा गवतात वाढतात. ही मात्र अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत सारे आयुष्य घरात काढू शकते, अंडी भिंतीच्या भेगांत आणि पडद्यांच्या घड्यांत घालते, आणि कुत्र्याच्या अंगावर दिसते ती तिच्या वस्तीतला लहानसा भाग असतो. उलट, हायडॅटिडचे चक्र भारतात अजून चालू आहे ते उघड्यावर कत्तल होणाऱ्या आणि भटक्या कुत्र्यांपुढे आतडी टाकली जाणाऱ्या ठिकाणी. शिजवलेले अन्न खाणाऱ्या सदनिकेतल्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी दिलेल्या गोळीने त्यात फारसा फरक पडत नाही.

किती वेळा औषध द्यावे याविषयी तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेतील मंडळींचा कल वर्षभर दर महिन्याला औषध देण्याकडे आहे; यूरोपातील परजीवीतज्ज्ञांची संस्था मात्र प्राण्याच्या राहणीनुसार गट पाडते आणि बाहेर न जाणाऱ्या, शिकार न करणाऱ्या मांजराला वर्षातून एक-दोनदाच पुरे मानते. या वादाला अलीकडे नवे वळण मिळाले आहे. इंग्लंडमधील २० नद्यांच्या २०१६ ते २०१८ मधील पाण्याच्या नमुन्यांची छाननी केली असता, शेतीतील वापर नगण्य असूनही ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल आणि ६६ टक्के नमुन्यांत इमिडाक्लोप्रिड आढळले, आणि ही द्रव्ये पाळीव प्राण्यांच्या आंघोळीतून, त्यांची अंथरुणे धुतल्याने आणि थेंब टाकल्यानंतर अनेक दिवस मालकांनी हात धुतल्याने सांडपाण्यात जातात असे पुढील संशोधनाने दाखवले. ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये सरसकट औषध न देता प्रत्येक प्राण्याचा धोका पाहून ते ठरवावे अशी भूमिका घेतली. त्यासाठी मालकाला विचारायच्या प्रश्नांत प्राणी काय खातो, कच्चे मांस त्याच्या तोंडी येते का, घरात लहान मुले किंवा गर्भवती स्त्री आहे का आणि तो कुठेकुठे फिरतो, हे प्रश्न आधी येतात, औषध कोणते हा प्रश्न त्यानंतर.